गुहागरकर नवशिक्यासाठी पॅकेज-प्रवेशिका

ही प्रवेशिका कोणासाठी

मे महिन्यात मुंबई-पुण्याकडचा एखादा भाचा गुहागरला येतो. समुद्रात डुंबतो, आंबे खातो आणि जाण्याच्या आदल्या रात्री मामांच्या जुन्या संगणकाकडे दयाबुद्धीने बघत म्हणतो, ‘मामा, याला विंडोज झेपत नाही. लिनक्स घालून देतो.’ सकाळी तो चिपळूणला गाडी पकडायला निघून जातो. मागे उरतात मामा, संगणक आणि एक वाक्य : ‘काही लागलं तर पॅकेज मॅनेजरमधून घ्या.’ पुढे फोन केला की भाचा मीटिंगमध्ये असतो. अशा तमाम मामांसाठी ही प्रवेशिका आहे. मामींसाठी तर आहेच, कारण संगणक प्रत्यक्षात त्याच वापरतात.

भाच्याने घातलेलं लिनक्स डेबियन आहे असं धरून चालू. उबुंटू किंवा मिंट असेल तरी बिघडत नाही, तीही त्याच घराण्यातली.

लागणारं साहित्य : एक संगणक. इंटरनेट. वीज (पावसाळ्यात ही अट शिथिल समजावी). आणि संशय. यातलं शेवटचं बाहेरून मागवावं लागत नाही, तालुक्यात मुबलक मिळतं.

पाठ पहिला : पॅकेज मॅनेजर करतो काय

तुम्हाला पत्र लिहायला लोहित देवनागरी हा फाँट हवा आहे. तुम्ही ‘ॲप्ट’ला तसं सांगता. ॲप्ट ठरलेल्या भांडारात जातो, फाँटचं पॅकेज उचलतो, ते भांडाराच्या डिजिटल सही असलेल्या यादीशी ताडून बघतो, त्याला आणखी काय काय लागतं ते बघतो, तेही आणतो आणि कुठली फाईल कुठल्या पॅकेजची याची नोंद ठेवतो. काढून टाका म्हटलं की त्याच नोंदीवरून काढतो. एक मागितलं की बरोबर आणखी दहा येतात याचा धसका घेऊ नका. त्यांना ‘डिपेन्डन्सी’ म्हणतात. एकही प्रोग्रॅम एकट्याच्या जिवावर चालत नाही.

आता खरा प्रश्न. त्याच प्रोग्रॅमच्या जुन्या-नव्या पाच आवृत्त्या जगात फिरत असतात. ॲप्टने त्यातली कुठली आणायची? हे भांडारावरच्या पाटीवरून ठरतं. म्हणून पाट्या वाचायला शिकणं हाच या विद्येचा गाभा.

पाठ दुसरा : पाट्यांची ओळख

डेबियन १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक यांनी जाहीर केलं. त्यात मुख्य पाट्या तीन : स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल. पहिल्या काळात मधली नव्हती, ती २०००च्या अखेरीस आली. अनस्टेबलच्याही पलीकडे ‘एक्स्पेरिमेंटल’ आहे. तिकडे नवशिक्याने फिरकू नये. मुरलेल्यानेही कामाशिवाय फिरकू नये.

प्रत्येक स्टेबलला ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्राचं नाव असतं. ही चाल पडली तेव्हा प्रकल्पाचं नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्येच नोकरीला होते. ९ ऑगस्ट २०२५ला आलेली तेरावी आवृत्ती म्हणजे ‘ट्रिक्सी’. तिच्यानंतर टेस्टिंगच्या पाटीखाली ‘फोर्की’ आला. यथावकाश तो स्टेबल होईल आणि ट्रिक्सी ‘ओल्डस्टेबल’ म्हणून निवृत्तीकडे सरकेल. अनस्टेबलचं नाव मात्र कायम ‘सिड’. चित्रपटात शेजारच्या घरातला, खेळणी मोडणारा पोरगा तो हाच. त्याला बढती नाही, बदली नाही, निवृत्तीही नाही.

पाठ तिसरा : बढतीचे नियम

नवीन आवृत्ती आली की ती आधी सिडमध्ये पडते. जगभरचे हौशी लोक ती आपापल्या यंत्रावर घालतात आणि बोंब मारतात. निकडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस ही बोंब ऐकली जाते. जुन्या आवृत्तीत नव्हता असा गंभीर दोष सापडला नाही आणि तिला लागणारी बाकीची पॅकेजेसही टेस्टिंगमध्ये हजर असली, तर एक प्रोग्रॅम आपणहून तिला टेस्टिंगमध्ये ढकलतो. कोणाचा मेव्हणा कुठे आहे हे तो विचारत नाही.

टेस्टिंगमधून स्टेबलकडे जाण्याआधी ‘फ्रीझ’ लागतो. वेलदूरच्या मच्छीमाराला तो समजावून सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात. नवा मासा येणार नाही, पण फाटलेलं जाळं विणायला, होडीला रंग लावायला पूर्ण मुभा. फ्रीझमध्येही नवी आवृत्ती घ्यायची नाही, असलेल्यातले दोष तेवढे दुरुस्त करायचे. फरक इतकाच की बंदी ठरल्या तारखेला उठते. डेबियनचा फ्रीझ मात्र गंभीर दोषांची यादी आटोक्यात आल्यावर उठतो. २००२च्या जुलैत ‘वुडी’ आली, तिच्यानंतरची ‘सार्ज’ यायला जून २००५ उजाडला. त्या काळात चेष्टा पुष्कळ झाली, पण कच्चं कोणी वाढलं नाही.

इथे एक सापळा आहे. ‘स्टेबल फार जुनं, सिड फार धोक्याचं, तेव्हा आपण मधलं टेस्टिंग घेऊ’ असा मध्यममार्ग सुशिक्षित माणसाला लगेच सुचतो. पण सिडमध्ये आज मोडलेली वस्तू बहुधा उद्या दुरुस्त होऊन येते. ती दुरुस्ती टेस्टिंगमध्ये यायला पुन्हा दिवस मोजावे लागतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही या रांगेतून सुटत नाहीत. स्टेबलला सुरक्षेसाठी वेगळी वाट असते. म्हणजे मधल्याला दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं, त्यात दुखणंही आलं.

पाठ चौथा : स्टेबल म्हणजे काय नव्हे

स्टेबल म्हणजे निर्दोष नव्हे. स्टेबल म्हणजे आज जे जसं वागतं ते, पुढली आवृत्ती तुम्ही आपण होऊन घेईपर्यंत, तसंच वागेल. बटण काल जिथे होतं तिथेच आज असेल. प्रोग्रॅमचा आवृत्ती-क्रमांक जुनाट दिसेल, पण सुरक्षेची भोकं त्याच जुन्या आवृत्तीत बुजवून दिली जातील. घरातल्या वडीलधाऱ्यांचं धोरण याहून निराळं नसतं : ‘चालतंय ना? मग हात लावू नकोस.’

तरी स्टेबलपुढे डोळे मिटून हात जोडू नयेत. २००६मध्ये डेबियनच्या एका देखभाल करणाऱ्याने ‘ओपनएसएसएल’ या कुलूपकिल्ल्यांच्या प्रोग्रॅममधला एक तुकडा बंद केला. व्हॅलग्राइंड नावाचा तपासनीस प्रोग्रॅम त्या तुकड्यावर कुरकुरत होता. कुरकुर थांबली, पण किल्ल्या बनवताना लागणारा यदृच्छेचा साठाही त्याबरोबर जवळजवळ आटला. एका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांच्या आसपास निघू लागल्या. चोराने बसून एकेक लावून बघावी इतक्या. हे पॅकेज सगळ्या चाळण्यांतून पार होऊन एप्रिल २००७च्या ‘एच’ या स्टेबलमध्ये आलं आणि १३ मे २००८ला उघडकीस आलं. पाटी स्टेबलची होती, वागणंही अगदी तसंच्या तसं होतं. दोषसुद्धा रोज नेमाने हजर होता.

पाठ पाचवा : मोडकं कसं ओळखावं

मोडक्याच्या पायऱ्या आहेत. डेबियनमध्ये दोषाला सात दर्जे असतात. ‘विशलिस्ट’ म्हणजे दोष नव्हे, नुसती हौस. मग मायनर, नॉर्मल, इम्पॉर्टंट. त्यापुढच्या सीरियस, ग्रेव्ह आणि क्रिटिकल या तिघांपैकी एक जरी नव्याने निघाला तरी पॅकेजची बढती अडते. क्रिटिकल म्हणजे ज्याच्यामुळे स्वतःबरोबर असंबंधित शेजारीही मोडतो, किंवा तुमचा डेटा बुडतो.

कधी पॅकेज धडधाकट असतं, पण त्याला लागणारं दुसरं मिळत नाही. तेव्हा ॲप्ट तुम्हालाच सुनावतो की, मोडकी पॅकेजेस तुम्हीच धरून बसला आहात. या आरोपाने खचू नये. बहुतेक वेळा भाच्याने जाताजाता दोन वेगळ्या पाट्यांची भांडारं एकाच यादीत लिहून ठेवलेली असतात. थोडं स्टेबल आणि थोडं सिड अशा मिसळीला डेबियनवाले ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात. नावावरून पुढचं समजून घ्यावं.

इतर घराण्यांत मोडक्याचे रिवाज निराळे. निक्समध्ये पॅकेजच्या माहितीतच ‘ब्रोकन’ असं स्वच्छ लिहितात. मग ते बनवायला पॅकेज मॅनेजर नकार देतो, आणि तरीही हवंच असेल तर तसं वेगळं बजावून सांगावं लागतं. जेंटूमध्ये कच्च्या आवृत्तीपुढे एक लाटेसारखी खूण असते आणि धोक्याची आवृत्ती ‘मास्क’ केलेली असते. रस्ट आणि पायथनच्या भांडारांत फसलेली आवृत्ती ‘यँक’ करतात. नव्याला ती सहसा मिळत नाही, पण ज्यांनी नेमकी तीच लिहून ठेवली आहे त्यांच्या तोंडचा घास काढत नाहीत.

हा शहाणपणा नसला की महागात पडतं. मार्च २०१६मध्ये ‘एनपीएम’ या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने भांडणात काढून घेतलं. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्याचं काम, आणि ते अकरा ओळींत मावलेलं. पण त्याच्यावर दुसरी, दुसऱ्यांवर तिसरी पॅकेजेस उभी होती. जगभर धडाधड बांधकामं अडली. शेवटी भांडारवाल्यांनी ते लेखकाला न विचारता परत ठेवलं आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले.

पाठ सहावा : आकड्यांची भाषा

क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर लेखक म्हणतोय की, उद्या मी सगळं बदलीन, मग तक्रार करू नका. ‘अल्फा’, ‘बीटा’ ही कच्चेपणाची कबुली. ‘आरसी’ म्हणजे उमेदवारी अर्ज भरला आहे, निकाल बाकी आहे. उबुंटूच्या २४.०४ या आकड्यात वर्ष आणि महिना असतो, आणि मागे ‘एलटीएस’ असेल तर पाच वर्षं दुरुस्त्या मिळतील असं आश्वासन. डॉनल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रोग्रॅमचा क्रमांक दर दुरुस्तीला ‘पाय’च्या किमतीकडे एकेक अंक सरकतो. २०२१मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात तो पायवरच कायमचा थांबवावा आणि मग उरतील ते सगळे दोष प्रोग्रॅमचे गुणधर्म समजावेत, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

आणि डेबियन १.० शोधत बसू नका, ती नाहीच. डिसेंबर १९९५मध्ये सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट तयार आवृत्ती १.० म्हणून छापून टाकली. खरी आणि खोटी यांत गोंधळ नको म्हणून प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला आणि जून १९९६ला थेट १.१ काढली. पाटी विकणाऱ्याने लावली की काय होतं, याचा डेबियनला तान्हेपणीच मिळालेला धडा.

पाठ सातवा : सराव

पुस्तकी उदाहरणं पुरे. खालील स्थानिक प्रकल्पाला प्रत्येक टप्प्यावर योग्य पाटी लावा. कंसात नमुना उत्तरं दिली आहेत. झाकून ठेवून सोडवावं.

(अ) प्रकल्पाचं नाव ‘दाभोळ’. वीजप्रकल्प गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. (पॅकेजचं नाव आणि पत्ता जुळत नाही. लोक त्याला मूळ कंपनीवरून ‘एन्रॉन’ म्हणतात, तीही आता कुठे नाही.)

(आ) डिसेंबर १९९३. राज्य विद्युत मंडळाशी वीस वर्षांचा वीजखरेदी करार. (एक्स्पेरिमेंटल. पाटी मात्र दीर्घकालीन स्टेबलची.)

(इ) ऑगस्ट १९९५. नव्या सरकारकडून प्रकल्प रद्द. (यँक.)

(ई) १९९६. वाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा मंजूर. (क्रमांक बदलून पुन्हा अपलोड. काय बदललं याची टीप गावकऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावी.)

(उ) मे १९९९. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, तात्पुरतं इंधन नाफ्था. (चालतंय खरं, पण डिपेन्डन्सी महाग. गॅस मिळेपर्यंत नाफ्था, आणि बिल भरायला विद्युत मंडळाचा खिसा.)

(ऊ) मे २००१. मंडळाने वीज घेणं थांबवलं, यंत्रं बंद. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत. (ब्रोकन. मूळ लेखक परागंदा.)

(ए) जुलै २००५. रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी, एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने. (नवं नाव, नवा देखभाल करणारा, जुनाच कोड.)

(ऐ) २०१३मध्ये द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज प्रकल्पाच्या टर्मिनलला लागलं. पण ब्रेकवॉटर अर्धवट असल्याने पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लावता येईना. (बिगरपावसाळी स्टेबल.)

ज्यांनी हे सगळं अंजनवेलच्या बाजूने बघितलं आहे त्यांना पैकीच्या पैकी गुण. या सरावातून एकच गोष्ट पक्की करायची. दर वेळी पाटी कोणी लावली? करार करणाऱ्याने, विकणाऱ्याने किंवा रद्द करून मतं मागणाऱ्याने. जो पाटी लावत होता त्याला शॉक बसणार नव्हता. डेबियनमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपल्याच प्रोग्रॅमवर स्टेबलची पाटी डकवता येत नाही. ती आधी वापरून पोळलेल्या अनोळखी लोकांच्या तक्रारींतून ठरते. स्टेबलचा अर्थ इतकाच, की तुमच्याआधी पुष्कळांचे हात भाजून झाले आहेत. एवढं कळलं तर बाकीचे पाठ विसरलात तरी चालेल.

पाठ आठवा : मग आपण घ्यायचं काय

दुकानाचं बिल, सोसायटीचे हिशेब, मामींचं घरगुती खाणावळीचं बुकिंग ज्या संगणकावर चालतं त्याच्यावर स्टेबल, आणि स्टेबलच. ऐन डिसेंबरात, पर्यटक दारात उभे असताना नवी आवृत्ती चढवू नये. भाचा आग्रह करील. त्याला पन्हं द्यावं.

पण गावातल्या प्रत्येकाने स्टेबलच घेतलं तर? मग सिडमध्ये बोंब मारायला कोणी उरणार नाही, चाळणी रिकामी फिरेल आणि स्टेबलची पाटी पोकळ होईल. ही गोष्ट कल्पनेतली नाही. ‘एक्सझेड’ हा फाईल दाबून लहान करणारा साधा प्रोग्रॅम आहे. जिया टान अशा नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं गोड वागून, मदत करून, त्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्या डेबियनच्या सिडमध्ये आणि टेस्टिंगमध्ये पोहोचल्या. स्टेबलमध्ये अजून नव्हत्या. सगळं सुरळीत पार पडलं असतं तर पुढच्या स्टेबलबरोबर हा दरवाजा जगभरच्या सर्व्हरांवर उघडला असता.

तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता. सिड वापरत होते. दुरून लॉगिन करायला पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. व्हॅलग्राइंड त्याआधीच काही तक्रारी करत होता, त्याही त्यांनी झटकून टाकल्या नाहीत. २००६मध्ये ज्या तपासनिसाची कुरकुर बंद करून घोटाळा झाला, त्याचीच कुरकुर २०२४मध्ये कोणीतरी ऐकून घेतली. २९ मार्च २०२४ला त्यांनी सगळं जाहीर केलं आणि दोन्ही आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या. स्टेबलवाले त्या रात्री निवांत झोपले, आणि बहुतेकांना आपण कोणाच्या जिवावर झोपलो हेही ठाऊक नाही.

तेव्हा शिफारस अशी : कामाच्या संगणकावर स्टेबल ठेवावं, आणि माळ्यावर पडलेला दुसरा जुना संगणक झाडूनपुसून त्याच्यावर सिड घालावं. त्यावर हिशेब ठेवू नयेत, लग्नाचे फोटो ठेवू नयेत. तो मोडण्यासाठीच आहे.

पाठ नववा : तक्रार लिहिणे

सिड मोडलं की ‘चालत नाही’ एवढंच लिहून पाठवू नये. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती, आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि पुन्हा केलं तर पुन्हा तसंच होतं का, या क्रमाने लिहावं. ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्रॅम यातलं निम्मं स्वतःच भरतो. लिहिणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करू नये. तो बहुधा फुकट काम करत असतो, आणि त्यालाही कोणीतरी भाचा आहे. दर्जा ठरवताना संयम ठेवावा. आयकॉनचा रंग आवडला नाही म्हणजे तो क्रिटिकल दोष होत नाही.

या कामाला माणसं कमी पडतात अशी जगभरच्या प्रकल्पांची रड आहे. काल अर्ध्या सेकंदात व्हायचं ते आज एका सेकंदात का होतंय, असं विचारणारा, उत्तर मिळेपर्यंत पिच्छा न सोडणारा आणि कोणी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की आणखीच संशय घेणारा माणूस त्यांना हवा आहे. पगार नाही, मानही बेताचाच. गुहागर तालुक्यात अशी माणसं प्रत्येक वाडीत दोन-तीन सापडतील. आजवर ती ग्रामपंचायतीच्या सभेत फुकट जात होती.